माशांच्या पेटीवरची चादर

शेवाळाला कुणी घाण म्हटलं की माझं डोकं आजही फिरतं. परवा पुण्याला मामेबहिणीकडं गेले होते. माझ्यापेक्षा बरीच धाकटी आहे ती. तिच्या हॉलमध्ये काचेची मोठी टाकी, आत खरी झाडं लावलेली, बारीक लाल मासे फिरतायत, बघत बसावं असं सगळं. एका कोपऱ्यात काचेवर हिरवा पापुद्रा धरला होता. तर ही बया मला म्हणते, "ताई, तिकडं बघू नकोस गं, घाण झालीय. उद्या माणूस येणारे साफ करायला." मी म्हटलं, "घाण कशाला म्हणतेस? उजेड जास्त होतोय नाहीतर खाणं जास्त होतंय, एवढंच सांगतंय ते." ती हसली. ताई जन्मभर मास्तरकी करून दमली नाही, असं तिला वाटलं असणार. पण ह्याच शब्दापायी माझ्या आईनं शिरूरच्या घरात हाताची सालं काढून घेतली, आणि ती सगळी कथा सुरू झाली ती ह्या पोरीच्याच पाळण्यापायी, हे तिला कुठून ठाऊक असणार? म्हणून लिहायला बसलेय. आणि राग आहे तोवरच लिहून काढते, कारण राग निवला की मी फार गोड लिहायला लागते, असं आमच्या घरात म्हणतात.

माझा मामा दौंडला रेल्वेत होता. क्वार्टर दोन खोल्यांचं, पण हौस राजाची. त्यानं स्वतः काचा कापून आणून, चिकटवून माशांची टाकी केली होती. भीमेच्या कडेनं हिंडून लांब पात्यांचं पाणगवत आणून आत लावलं होतं. लहानपणी सुट्टीत दौंडला गेलं की मी त्या टाकीपुढं बसायची ती जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. बाहेर शंटिंगचे धक्के बसायचे, खिडक्या थरथरायच्या, आणि टाकीतलं पाणी एवढंसं हलून पुन्हा गप्प व्हायचं. पुढं मामीला जुळं झालं. दोन पाळणे आणि एक टाकी एका घरात मावेना. मामी म्हणाली, एक तर मासे राहतील नाहीतर पोरी राहतील. मग मामानं ओळखीच्या टेम्पोत टाकी घातली, मासे दुधाच्या किटलीत घेतले, झाडं ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि शिरूरला आमच्या दारात येऊन उभा राहिला. जाताना आईला म्हणाला, "आक्का, ह्याच्यात लई हात घालायचा न्हाई. आपलं आपुन चालतं ते." आई म्हणाली, "बरं बरं." आमच्याकडं त्या टाकीला कुणी टाकी म्हटलं नाही. आई तिला माशांची पेटी म्हणायची, म्हणून आम्हीही पेटीच म्हणायचो.

तेव्हा आम्ही शिरूरच्या नव्या वसाहतीत नुकतेच राहायला गेलो होतो. आप्पा, म्हणजे माझे वडील, रांजणगावला कंपनीत लागले होते आणि कर्ज काढून त्यांनी दोन खोल्या आणि पुढं अंगण असं घर बांधलं होतं. जुन्या वस्तीतून बाहेर पडून ह्या ओळीत घर बांधणारे आमच्या लोकांतले आम्ही पहिले. आप्पांना त्याचा अभिमान होता, आईला त्याची धास्ती होती. पुढच्या खोलीला आप्पा हॉल म्हणायचे. त्या हॉलमध्ये पूर्वेला मोठी खिडकी, खिडकीच्या वर दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक निळ्या कोटातली, आणि खिडकीच्या खाली टेबलावर आता ही पेटी. सकाळचं ऊन थेट पाण्यात उतरायचं आणि समोरच्या भिंतीवर हलणारी उजेडाची जाळी पडायची. आप्पा चहा पिता पिता ती बघत बसायचे. नाक्यावर कंपनीच्या बसचा हॉर्न वाजला की अर्धा चहा टाकून पळायचे. मग घरात फक्त पेटीच्या पंपाची बुडबुड आणि आईचं भाकरी थापणं. पेटीत काळ्या मॉली होत्या आणि एक एंजल मासा होता. तो छाती काढून, कुणाकडं न बघता फिरायचा, म्हणून त्याचं नाव आम्ही सरपंच ठेवलं होतं.

आईच्या हातचं जेवण सांगायला लागले तर प्रकरण तिथंच संपेल. हुलग्याची शेंगोळी करावी तर तिनंच. बाजरीची भाकरी, वर तव्यावर भाजलेली सुकट, चेचलेला लसूण आणि कच्चा कांदा. पण नव्या घरात सुकट भाजायची म्हणजे मोठा कार्यक्रम. आधी आई खिडक्या लावायची, दार लावायची, फटीत पोतेरं कोंबायची आणि मग तवा ठेवायची. मी म्हणायचे, "आई, धुरानं मरू आपण." ती म्हणायची, "मर. पर वास बाहेर जायला न्हाई पायजे." त्याच ओळीतल्या घरोघरी रविवारी मटणाचा रस्सा रटरटायचा, तो वास गल्लीभर हिंडायचा, त्याला कुणी काही बोलायचं नाही. आमची मूठभर सुकट मात्र दाराआड. हे लिहितानासुद्धा दातओठ खातेय मी.

समोरच्या बंगल्यात सुलभाकाकू राहायच्या. गावाकडं त्यांचा मोठा बागायती ऊस, यजमान सोसायटीच्या राजकारणात, मुलगी माझ्याच वयाची. बाई तशी वाईट नव्हती, आणि खरा राग त्याचाच येतो. वाईट असती तर तोंडावर दार लावता आलं असतं. गोड बोलायच्या, आईला वहिनी म्हणायच्या, आमच्याकडून शिडी न्यायच्या, खुर्च्या न्यायच्या, आप्पांचं वर्तमानपत्र न्यायच्या. लोखंडाला आणि कागदाला विटाळ लागत नसावा. पण आमच्या घरात त्यांनी कधी पाण्याचा घोट घेतला नाही. त्या आल्या की आई आमच्या दोघींच्या चहात तिसरा कप वाढवायची. दर वेळी. आणि काकू दर वेळी म्हणायच्या, "आत्ताच घेतला हो वहिनी," नाहीतर "आज उपास आहे." सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. आमच्या उंबऱ्यात पाऊल पडलं की काकूंना तेहतीस कोटी देव आठवायचे. मग काकू गेल्या की दूध वाया जाऊ नये म्हणून तो गार झालेला चहा आई स्वतः प्यायची. मी एकदा म्हटलं, "कशाला टाकतेस त्यांचा कप?" तर म्हणाली, "आपुन इचारायचं. आपलं आपल्यापाशी."

पेटी आल्यापासून काकूंच्या फेऱ्या वाढल्या. मासे बघायला यायच्या, येताना मूठभर मुरमुरे आणायच्या आणि पाण्यात टाकायच्या. आमच्या घरचं त्यांच्या पोरीनं काही खाल्लेलं त्यांना चालत नव्हतं, पण त्यांचं आमच्या माशांनी खाल्लेलं चालत होतं. त्यांचं बघून आणखी कोण कोण यायला लागलं. आल्यागेल्याच्या हातून माशांना दोन दाणे पडायलाच हवेत, असा रिवाजच पडला. आईसुद्धा भाकरीचा चुरा टाकायची. वर पेटीवरची ट्यूबलाइट दिवेलागणीला लावायची ती आप्पा सेकंड शिफ्ट करून येईपर्यंत जळत ठेवायची. "मुक्या जिवाला अंधारात कसं ठेवायचं?" असं म्हणायची. पण खरं कारण मला ठाऊक होतं. रस्त्यानं जाणाऱ्याला आमची पेटी दिसायला हवी होती.

आणि मग उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी हिरवं व्हायला लागलं. आधी नुसती झाक, मग काचेवर पापुद्रा, मग दगडांवर, झाडांच्या पात्यांवर केसांसारखं लोंबणारं शेवाळ. आज पुसलं की परवा पुन्हा हजर. सरपंच त्या हिरव्यातनं फिरायचा तो धुक्यातनं चालल्यासारखा दिसायचा. काकू आल्या, कमरेत वाकून बघितलं आणि पदर नाकाला लावला. नाकाला! पाण्याला कसलाही वास नव्हता, मी शपथेवर सांगते. म्हणाल्या, "अगं बाई, वहिनी, काय घाण झालंय हो पाणी! तुमच्या भावाकडं चांगलं होतं म्हणता ना? असू द्या. घराघराचं असतं."

घराघराचं असतं. गोड हसून म्हणाल्या, आणि वर्तमानपत्र काखेत मारून निघून गेल्या. आईच्या हातात त्यांचा चहा तसाच. तिचा चेहरा मी कधी विसरणार नाही. शिवी दिली असती तर आईनं तिथल्या तिथं परत केली असती, ती काही मुळूमुळू रडणारी बाई नव्हती. पण ह्याला उत्तर काय देणार? माझी आई दिवसातून दोनदा फरशी पुसायची. आमच्या भांड्यांत तोंड बघून भांग पाडावा. अंगणात पान पडलं तरी उचलायची. का करायची एवढं? तर कुणी म्हणू नये म्हणून. आणि शेवटी म्हणालंच कुणीतरी, आणि तेही खिडकीतल्या त्या पेटीकडं बोट दाखवून, जी तिनं सगळ्यांना दिसावी म्हणून तिथं ठेवली होती.

त्यानंतरच्या रविवारपासून पेटी धुण्याचं खूळ सुरू झालं. खूळ नाही तर काय म्हणू? सकाळची बुद्धवंदना झाली की आई मासे बादलीत काढायची, पाणी उपसायची, झाडं मुळांसकट उपटून घमेल्यात टाकायची आणि पेटीतले खडे अंगणात आणून, धुण्याची पावडर टाकून, दोन्ही हातांनी खसाखसा घासायची. मागच्या मोरीत नाही हं, पुढच्या अंगणात. येणाऱ्याजाणाऱ्यानं बघावं, ह्या घरात किती घासतात ते बघावं. मग पुन्हा नळाचं कोरं पाणी भरायची, झाडं खोचायची. दोन दिवस पेटी आरशासारखी चकचकीत दिसायची आणि नंतर पहिल्यापेक्षा दाट हिरवी. मग रविवारी आणि बुधवारी. मग काच रोज. मॉली एकेक करून उताण्या व्हायला लागल्या. आईच्या बोटांना चिरा पडल्या. भाकरी थापताना पीठ त्या चिरांत शिरायचं, मग ती ओठ दाबून थापायची. एकदा आप्पा न राहवून म्हणाले, "अगं, ती बाई काय म्हणाली म्हणून तू जीव देतीस का? आमचा सुपरवायझर रोज बोलतो, मी काय मशीन घासत बसतो का?"

"तुमाला काय जातंय बोलायला?" आई उसळली. "तुमी बशीत बसता आन् जाता. इथं बसून ऐकायला मी हाय. उद्या म्हणतील, घर बांधलं पर राहायची अक्कल न्हाई."

ती म्हणत होती ते खोटं नव्हतं. लोक तसं म्हणतच होते.

मी तेव्हा अकरावी सायन्सला होते. एक दिवस बायोलॉजीचे सर म्हणाले, उद्या कुणीतरी डबक्यातलं शेवाळ घेऊन या, मायक्रोस्कोपखाली बघायचंय. डबक्याला कशाला जायचं? मी आमच्याच पेटीतली केसांची बट बाटलीत भरून नेली. सरांनी काचपट्टीवर ठेवली आणि आधी स्वतः बघितली. मग म्हणाले, "वा! सगळ्यांनी या आणि बघा." मी डोळा लावला आणि बघतच राहिले. लांब नितळ धागे, आणि प्रत्येक धाग्यात हिरवी रिबन पिळून घातलेली, शाळेतल्या पोरींच्या वेणीसारखी. काय देखणं होतं ते! हेच का ते, ज्याच्यावर माझी आई पावडर टाकत होती, ज्याला बघून काकूंनी नाकाला पदर लावला होता? पुस्तकात घाण हा शब्दच नव्हता. पुस्तकात लिहिलं होतं की ही साधी हिरवी वनस्पती आहे, उजेडावर आणि पाण्यात विरघळलेल्या खतावर वाढते. बस्स. कुणाच्या घराचा, कुणाच्या हाताचा, कुणाच्या जातीचा काही संबंध नाही.

मी धावतच घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. तिनं परात बाजूला सारली.

"समद्या वर्गाला दाखवलंस?"

"हो! सर म्हणाले, फार चांगलं आहे."

"आन् आमुच्या घरातलं म्हणून सांगितलंस?"

"सांगितलं की."

"आगं कार्टे!" आईनं कपाळावर हात मारला. "गल्लीत झालं ते कमी पडलं व्हय? आता कालिजात बी वाजिवलंस!" त्या संध्याकाळी तिनं मला ताट वाढलं पण माझ्याशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक घेऊनच बसले. म्हटलं, "आई, ते उजेड खातं. सकाळचं ऊन, वर रात्रीची ट्यूब. शिवाय मुरमुरे कुजून त्याचं खत."

"मग ती मामाची झाडं का वाढंनात? ती बी उजेडच खात्यात न्हवं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं, पण घमेल्यात होतं. मी म्हटलं, "तू त्यांना मूळ धरू देतेस का? दर आठवड्याला उपटतेस. ती जगायचं बघतील का वाढायचं? शेवाळाला मुळं लागत नाहीत, म्हणून त्याला फावतंय." पण बुधवार होता. आई उठली आणि बादली घेऊन आली.

पावसाळ्यात मामीचं पोटाचं ऑपरेशन ठरलं आणि जुळ्यांना सांभाळायला आई दौंडला गेली. निघताना तिनं मला सतरा सूचना दिल्या, त्यातल्या निम्म्या पेटीच्या. काच रोज पूस, दिवा लाव, खायला घाल. स्टँडवर एसटी सुटता सुटता खिडकीतनं तोंड काढून म्हणाली, "काकू आल्या तर आधी पेटी पुसून मग दार उघड." मी मान हलवली. घरी आले आणि आप्पांना म्हणाले, "आप्पा, मी ह्यातलं काहीही करणार नाही." आप्पा बूट घालत होते. म्हणाले, "कर तुला काय करायचं ते. मी काय बघितलं न्हाई."

मी ट्यूबलाइट काढून ठेवली. खाणं बंद केलं, कारण मासे शेवाळातलं टिपून चार दिवस सहज काढतात असं मला वाटत होतं. नुसतं वाटतच होतं, खात्री कसलीही नव्हती. खिडकी लावून घेतली. आणि आमची मोठी सोलापुरी चादर पेटीवर घातली, चारी बाजूंनी जमिनीपर्यंत. पंप तेवढा चालू. चादरीआडून बुडबुड ऐकू यायची. सरपंच मेला तर? आई आल्यावर काय सांगू? कितीदा हात चादरीच्या टोकापर्यंत गेला आणि मागं घेतला. काकू फाटकाशी येऊन म्हणाल्या, "काय गं, मासे मेले का? झाकून ठेवलंय ते?" मी म्हटलं, "झोपलेत." "दिवसा?" "हो, सेकंड शिफ्ट करून आलेत." आप्पा आतून खोकले, हसू लपवायला.

चार दिवसांनी चादर काढली, त्या दिवशी कॉलेजला गेलेच नाही. पाणी असं निवळ झालं होतं की आधी मला वाटलं पेटी रिकामी आहे. मागच्या काचेतनं भिंतीचा रंग दिसत होता. शेवाळाचे झुबके राखाडी होऊन तळाशी पडले होते, ते मी वाटीनं काढून घेतले. आणि मामाच्या झाडांना, त्या उपटून उपटून बेजार झालेल्या झाडांना, बुडातून कोवळी पाती फुटली होती. सरपंच पुढं आला आणि काचेला तोंड लावून माझ्याकडं रागानं बघायला लागला. मी एकटीच हसत होते आणि एकटीच रडत होते.

आई दौंडहून आली ती संध्याकाळच्या गाडीनं. पिशवी दारात ठेवली, पाय धुतले आणि सरळ पेटीपुढं जाऊन उभी राहिली. मला शाबासकी हवी होती. तिनं काचेवरून बोट फिरवून बघितलं.

"कशानं घासलंस?"

"घासलंच नाही. उजेड बंद केला, खाणं बंद केलं आणि हात लावला नाही. एवढंच."

"म्हंजी मी न्हवते तेच बरं झालं म्हण की."

"तसं नाही गं, आई."

"मग कसं?" तिनं हात पुढं केले. दौंडला पंधरवडाभर धुण्याची पावडर लागली नव्हती तर चिरा भरून आल्या होत्या. "उन्हाळाभर घासलं मी. कुणासाठी घासलं? माशांला घाण वाटत हुतं? न्हाई. तुला? न्हाई. तुज्या बापाला? त्यानं तर ढुंकून बघितलं न्हाई. त्या बाईच्या एका बोलण्यासाठी मी हातरं सोलून घेतली, मुक्या जिवांला मारलं. आन् तिनं एकदा म्हणावं, वहिनी, आता छान झालं? न्हाई म्हणाली." तिचा आवाज चढत गेला, आणि मग एकाएकी ती फतकल मारून पेटीपुढं खाली बसली. पाय लांब केले. मी तिला दिवसाउजेडी हॉलमध्ये पाय लांब करून बसलेली कधी बघितलीच नव्हती. म्हणाली, "जेवायला हितंच आण."

त्यानंतर पेटी अंगणात गेली नाही. सकाळी ऊन चढायला लागलं की आई खिडकीच्या बाजूनं चादर टाकायची, दुपारी काढायची. माशांचं खाणं तिच्याच हातून, एक चिमूट, आणि कुणी मुरमुरे आणले तर म्हणायची, "त्यांचं जेवण झालंय." एका काचेवर, मागच्या, थोडं हिरवं पुन्हा धरलं. मी पुसायला गेले तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. मॉलीच्या पिल्लांला चरायला व्हतंय." झाडं पाण्याच्या वर आली, पाती पृष्ठभागावर आडवी पसरली, आणि पेटी दौंडला होती त्याहून देखणी झाली. दुपारची भांडी झाली की आई तिच्यापुढं आडवी व्हायची आणि झोपायची. चक्क घोरायची. मी त्या घोरण्याच्या आवाजात अभ्यास केलाय, आजही मला त्याच्याइतका चांगला आवाज दुसरा वाटत नाही.

आणि मग दिवाळीनंतर एक दिवस काकू आल्या. मागं फाटकाशी त्यांच्या शेतावरचे दोन गडी उभे. काकूंच्या मुलीला बघायला पुण्याचे पाहुणे यायचे होते. काकू पेटीपुढं उभ्या राहिल्या, ह्या वेळी नाकाला पदर नव्हता. "वहिनी, काय सुरेख दिसतीय हो! माझं एक काम करा. पाहुणे मोठे आहेत. आजच्यापुरती ही पेटी आमच्या हॉलमध्ये ठेवते. गडी आणलेत मी, अलगद उचलतील. संध्याकाळी परत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आमच्या घरचं पाणी ज्यांच्या ओठाला लागत नव्हतं, त्या आमचं पेटीभर पाणी स्वतःच्या हॉलमध्ये, पाहुण्यांच्या पुढं मांडायला मागत होत्या! माशांचं चालत होतं, आमचं चालत नव्हतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात आई उठली. मला वाटलं चहा ठेवायला निघाली, नेहमीसारखा तिसरा कप टाकायला. पण ती पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र घेऊन आली. घासून लखलखीत केलेलं फुलपात्र. त्यात पाणी ओतलं आणि काकूंच्या पुढं धरलं.

"न्या की पेटी," आई म्हणाली. "पर आधी घोटभर पाणी घ्या. ह्याच नळाचं हाय, पेटीत बी हेच हाय. एवढं पाणी घरात न्यायचं म्हंजी चांगलं हाय का वाईट, बघून तरी घ्या."

काकू हसल्या. "अहो वहिनी, आज माझा कडक उपास. पाणीसुद्धा चालत नाही."

"कुणाचा?"

"अं?"

"आज रविवार हाय. कुणाचा उपास?"

फाटकाशी गडी एकमेकांकडं बघायला लागले. त्यांच्यातला एक आमच्याच जुन्या वस्तीतला होता, त्यानं मान खाली घातली. काकू म्हणाल्या, "तसं काही मनात नसतं हो माझ्या. सासूबाईंपासून चालत आलंय..."

"व्हय," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, पण असा धारदार आवाज मी तिचा ऐकला नव्हता. "मग आज आमच्या माशांचा बी उपास हाय. दुसऱ्याच्या घरचं चालत न्हाई त्यांला."

आणि तिनं फुलपात्र खाली ठेवलं, सोलापुरी चादर उचलली आणि पेटीवर टाकली. वरून खालपर्यंत, चारी बाजू नीट ओढून घेतल्या. भर दुपार होती, ऊन केव्हाच खिडकीतनं गेलं होतं, चादरीची काही गरज नव्हती. काकूंनी पायात चपला सरकवल्या आणि गड्यांना घेऊन निघून गेल्या. शिडी न्यायला त्या पुन्हा कधी आल्या नाहीत, आणि आमचं वर्तमानपत्र त्यानंतर आम्हीच पहिल्यांदा वाचायला लागलो.

आईनं ते फुलपात्र उचललं आणि उभ्यानंच पाणी पिऊन टाकलं. पदरानं तोंड पुसलं. मग पेटीवरची चादर काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली, पाय लांब करून पेटीपुढं बसली आणि मला म्हणाली,

"चहा ठेव गं. दोनच कप."